सुटलेलं पोर म्हणजे पोसलेलं पोर नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचं सोडून पोरांच्या लठ्ठपणाचं काय काढलं, असं काहींना वाटेल. ज्या घरात पोराच्या बरगड्या मोजता येतात तिथं ही कथा कशाला?

आकडे ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ साली देशात शंभरात २.१ होती. २०१९-२१ मध्ये ती ३.४ झाली. त्याच पाहणीत शंभरातली ३२ मुलं वजनाला कमी भरली. म्हणजे एक दुखणं गेलं नाही, तोवर दुसरं दाराशी आलं. पाच रुपयांच्या पुडीनं पोट भरतं, अंग भरत नाही. आणि पुड्या वाढल्या की नुसती चरबी चढते.

हे रोखता येतं का? येतं. उत्तर फ्रान्समध्ये फ्लेरबे आणि लावांती ही दोन लहान गावं आहेत. तिथं १९९२ साली शाळांतून आहाराचे धडे सुरू झाले. पण नुसत्या धड्यांनी भागलं नाही. सुरुवातीची काही वर्षं मुलांची वजनं वाढतच गेली. मग सारा गाव कामाला लागला. नगरपालिका, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, खेळाची मंडळं एकत्र आली. खेळायच्या सोयी झाल्या, आईबाप सामील झाले. २००४ साली तिथं जास्त वजनाची मुलं शंभरात ८.८ होती, शेजारच्या गावांत १७.८. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दहा गावांनी हा कित्ता गिरवला. त्या कार्यक्रमाचं नाव एपोड.

एक सावधगिरी मात्र हवी. एपोडला पुढं खाद्यपदार्थांच्या कंपन्यांचाही पैसा मिळाला. ज्याला पुडी विकायची आहे, तो पुडी खाऊ नका असं कशाला सांगेल? आपल्याकडं असा पैसा नको.

आपल्याकडं माणसं आहेतच. अंगणवाडीताई वजन करतात, आशाताई घरोघर जातात, आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत. त्यांना ग्रामसभेत बोलवा. गावातली किती मुलं कमी, किती जास्त, हे नावं न घेता सांगू द्या. पोराला कुणी जाड्या म्हणून हिणवू नका. दोष त्याचा नाही.

२०२० च्या केंद्राच्या नियमानुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. तो नियम शाळा व्यवस्थापन समितीनं पाळून घ्यावा. दुकानदारही आपलाच माणूस आहे. त्याला फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवायला सांगा आणि ती विकत घ्या.

हे सगळं मायबहिणींवर ढकलू नका. वेचणीच्या दिवसांत ती पहाटेच रानात जाते, म्हणून पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. त्या दिवसांत शाळा सुटल्यावर भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे देण्याचं काम गावानं बचत गटाकडं द्यावं, खर्च वर्गणीतून करावा. आणि खेळाची जागा कुणी अडवली असेल तर मोकळी करावी.

आपण ज्वारी पिकवतो, पोतं बाजारात नेतो आणि येताना पोराला पुडी आणतो. ज्वारीला भाव मागणाऱ्यानं आधी आपल्या ताटात तिला मान द्यावा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.