गरीला काय लावायचं? लेक ट्राउटच्या मागावर निघालेल्या मुलांसाठी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



‘नोकरीबद्दल बोलायचं नाही’ ही संयोजकांची अट मी आनंदाने मान्य केली. वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरते आहे, पण त्यावर दहा मिनिटं ऐकण्याची शिक्षा तुम्हाला कशाला? त्यापेक्षा तुम्ही सोबत आणलेल्या मुलांशी बोलते. काल रात्री जेवताना त्यातल्या तिघांनी मला घेरलं होतं. ‘आत्या, अमेरिकेत गरवायला परवाना लागतो म्हणे?’ मोठ्यांना लागतो. आमच्या मिनेसोटात राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. नियम मात्र सगळ्यांना सारखेच, आणि पुस्तिका वाचल्याशिवाय आमच्या घरात कोणी काठीला हात लावत नाही.

आपण खाडीकाठची माणसं. गरी, दोर, कोळंबीचा तुकडा आणि तांबोशीची वाट बघत बसणं हे इथे कुणाला समजावायला नको. मी डुलुथला राहते, लेक सुपीरियरच्या टोकाला. तलाव म्हणायचा, पण क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जास्त, आणि सर्वांत खोल जागी ४०६ मीटर पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला समुद्रच वाटतो, फक्त खारा वास येत नाही. त्या पाण्याचा मालक म्हणजे लेक ट्राउट. नाव ट्राउट असलं तरी तो खरा ‘चार’ आहे. आकडा नव्हे, माशांच्या एका गटाचं नाव! काळपट-करड्या अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी, ही त्याची ओळख.

मासा कुठे सापडेल याचं उत्तर आपल्याला शाळेतच मिळालेलं आहे. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते, हे विज्ञानाच्या तासाला घोकलं होतं ना? तेव्हा वाटायचं, याचा उपयोग फक्त दोन मार्कांना. लेक ट्राउटला साधारण १० अंशांचं पाणी आवडतं. वसंतात बर्फ वितळल्यावर वरपासून खालपर्यंत सगळंच पाणी गार असतं, म्हणून तो काठाजवळही येतो आणि मुलांना खडकावरून गरवता येतं. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होऊन वरच राहतो, खाली जड गार पाणी. मासा त्या गारव्यात उतरतो, वीस-तीस मीटर, कधी त्याहून खाली. मग होडी लागते.

आता आमिष. आधी विचारायचं, तो खातो काय? स्मेल्ट आणि सिस्को नावाचे चंदेरी छोटे मासे, आणि तळाच्या दगडांत लपणारे स्कल्पिन. आपलं आमिष यांच्यासारखं दिसायला हवं. नवशिक्या मुलांसाठी माझी पहिली पसंती ट्यूब जिगला. बोटाएवढी मऊ रबरी नळी, एका टोकाला झालर, आत वजन जडवलेली गरी. रंग पांढरा. दुकानात पन्नास रंग मांडलेले असतात, ते बहुतेक मासे पकडण्यासाठी नसून गिऱ्हाईक पकडण्यासाठी असतात. गरीच्या टोकाला मेलेल्या माशाची नखाएवढी चकती लावली तर वासाचा फायदा होतो. दुसरा पर्याय ‘स्पून’, म्हणजे चमच्याच्या आकाराची चकचकीत पट्टी, काठावरून लांब फेकायला उत्तम. वजन खोलीप्रमाणे घ्या. १५ मीटरपर्यंत १० ते १५ ग्रॅम, ३० मीटरला त्याच्या दुप्पट. मासा लागत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी खोली, मग चाल, मग आकार, सगळ्यात शेवटी रंग. (हे मात्र मी नोकरीतून उचललं आहे. तेवढं चालवून घ्या.)

जिग तळाला टेकू द्यायचा, हातभर उचलायचा आणि दोर फार सैल न सोडता पडू द्यायचा. मासा बहुतेक वेळा तो पडतानाच घेतो. दोर एकदम ढिला पडला तर समजायचं, तळ नाही, तोंड आहे! आणि आता मुलांना सगळ्यात आवडणारा भाग. होडीतल्या सोनारच्या पडद्यावर आपला जिग एक रेघ म्हणून दिसतो आणि मागे येणारा मासा दुसरी. मासा जवळ येऊन घुटमळतो. इथे मोठी माणसं जिग थांबवून वाट बघतात. मुलांनो, तुम्ही उलट करा, भराभर रीळ फिरवा. पळणारं भक्ष्य बघितलं की लेक ट्राउटला राहवत नाही. तो दहा-पंधरा मीटर पाठलाग करत वर येतो, आणि जो धक्का बसतो तो मनगटापासून खांद्यापर्यंत जातो.

साहित्यात पैसे कुठे घालायचे? काठीवर नाही, दोरावर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन मीटरची मध्यम ताकदीची काठी पुरते. पण साधा नायलॉन ताणला जातो, तीस मीटर खाली माशाने तोंड लावलेलं वर हाताला कळतच नाही. म्हणून विणलेला दोर, १० ते १५ पौंडांचा. हा दोर दिसतो आणि सुपीरियरचं पाणी आरशासारखं स्वच्छ, म्हणून शेवटचा दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बनचा, जो पाण्यात जवळजवळ दिसत नाही. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि दोर तिथेच कमजोर होतो. रिळाचा ताण हाताने दोर ओढून आधीच बघून ठेवा, मासा लागल्यावर स्क्रू शोधत बसू नका.

शिशाबद्दल थोडं थांबून बोलते, कारण हे इथल्या मुलांनाही लागू आहे. शिशाची गोळी दाताने दाबून दोरावर बसवायची आपल्याकडे सवय आहे. ती आजपासून बंद. शिसं विषारी आहे, पक्कड वापरा, हात धुतल्याशिवाय खाऊ नका. आमच्याकडे लून नावाचा पाणपक्षी आहे, मिनेसोटाचा राज्यपक्षी. तो पचनासाठी तळाचे खडे गिळतो आणि त्यात पडलेलं शिशाचं वजनही गिळतो. एक छोटं वजन त्याला मारायला पुरतं. टंगस्टनचं वजन महाग असतं, पण तेवढंच जड असून आकाराने लहान, त्यामुळे तळही चांगला जाणवतो. माझ्या मुलीच्या पेटीत शिसं नाही.

हा मासा जवळजवळ संपला होता. अटलांटिकमधला सी लॅम्प्री नावाचा, बामसारखा लांबट, जबडा नसलेला प्राणी वाटोळ्या दातेरी तोंडाने माशाला चिकटतो आणि रक्त पितो. नायगारा धबधब्याने त्याची वाट अडवली होती. जहाजांसाठी वेलंड कालवा झाला आणि वाट उघडली. १९३८ साली तो सुपीरियरमध्ये सापडला. पन्नासच्या दशकात लेक ट्राउटची मासेमारी कोसळली. अमेरिका आणि कॅनडाने १९५५ मध्ये संयुक्त आयोग नेमला, मिशिगनमधल्या प्रयोगशाळेत हजारो रसायनं एकेक करून तपासली गेली, तेव्हा कुठे टीएफएम हे लॅम्प्रीच्या अळ्यांवर चालणारं आणि इतर माशांना फारसं न बाधणारं रसायन हाती लागलं. १९५८ पासून ते ओढ्यांमध्ये सोडलं जातं, आजही. शिवाय वर्षानुवर्षं पिल्लं सोडली, मासेमारीवर मर्यादा घातल्या. सुपीरियरच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पूर्ववत झाला असं आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणजे जवळपास सत्तर वर्षांचं काम. बदली झाली, निवृत्त झाले, तरी पुढच्यांनी तेच चालू ठेवलं. आपल्याकडच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

हे मुलांना मी का सांगते? कारण लेक ट्राउट फार सावकाश वाढतो. हातभर लांबीचा मासा तुमच्याच वयाचा असू शकतो, कदाचित मोठा. अंडी घालायलाच त्याला सहा-सात वर्षं लागतात. म्हणून घरी न्यायचा तो मध्यम आकाराचा, मोठा सोडायचा. मोठ्या माशात पारा आणि जुनी औद्योगिक रसायनंही जास्त साठलेली असतात, मुलांनी आणि गरोदर बायकांनी तो तसाही टाळलेला बरा. मध्यम मासा चरबीदार असतो. आमच्याकडे तिरफळं आणि आमसूल घालून करतात, छान लागतो. बांगड्याची सर नाही, पण जानेवारीत उणे वीसमध्ये तक्रार कोण करणार?

सोडायचा असेल तर गरीचा काटा पकडीने आधीच चेपून ठेवा. हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गिलांमध्ये बोटं घालू नका. खोलातून वर येताना त्याच्या पोटातली हवा फुगते, पण हा मासा ती तोंडावाटे सोडू शकतो. त्याला वेळ द्या, सावकाश वर घ्या, बुडबुडे आलेले दिसतील. फोटो एकच.

आणि उरलेलं आमिष पाण्यात ओतायचं नाही, कचऱ्यात टाकायचं. एका तळ्याचा पाहुणा दुसऱ्या तळ्यात असाच पोचतो. दोरावर कापसासारखा गिच्च गोळा दिसला तर तो स्पायनी वॉटरफ्ली, काट्याच्या शेपटीचा पाणपिसू. तोही बाहेरूनच आलेला. पुसून, दोर वाळवूनच दुसरीकडे जायचं.

हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गरवण्याबद्दल एवढंच सांगते. पारदर्शक, घट्ट बर्फ किमान दहा सेंटिमीटर जाड असल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही, आणि मोठ्या माणसाशिवाय तर मुळीच नाही. गळ्यात बर्फाचे टोचे हवेत.

वेळ संपल्याची खूण बाईंनी केलेली दिसते, दहावीत करायच्या तशीच. मी दोराचे तुकडे, पकड आणि काटे चेपलेल्या गऱ्या आणल्या आहेत. जेवणानंतर मागच्या व्हरांड्यात या, दोन गाठी शिकवते. उद्या सकाळी भरती लागायच्या आधी ज्यांना जेटीवर यायचं आहे त्यांनी आईबाबांना आजच विचारून ठेवा. कोळंबी मी आणते.