बहिणीची सही



मी सातवी शिकलेली बाई. चुकले तर सांभाळून घ्या.

वडील गेल्यावर भावाने मला तालुक्याला नेले. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत मी हक्कसोडपत्रावर सही केली. कागद वाचलासुद्धा नाही. माहेर तुटू नये, एवढेच मनात होते. भावाने साडी घेतली, मी आनंदाने परतले.

पुढे कळले, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात तो १९९४ साली आला, साऱ्या देशात २००५ साली.

गेल्या वैशाखात आमच्याच घरी तीच वेळ आली. सही नणंदेची हवी होती. हे म्हणाले, "ताईसाठी साडी आणून ठेव." खोटे कशाला बोलू, मलाही मोह झाला, जमीन माझ्याच मुलांना मिळणार होती. पण वन्सं आल्या तेव्हा मी कागद वाचून दाखवला. म्हटले, "वन्सं, घरी नेऊन विचार करा." हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वन्संनी अजून सही केलेली नाही. पण भाऊबीजेला ओवाळायला आल्या, आणि ह्यांनीही पाट मांडला.

कोणी म्हणते, हुंडा दिला, मग वाटा कशाला? हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि तो मुलीच्या हाती पडतो कुठे? भावाला द्यायचे तर राजीखुशीने द्यावे; पण वाचून, समजून. नुसत्या साडीवर नव्हे.