अंतिम फेरीतील शिळा भात



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून स्वयंपाकाच्या स्पर्धेविषयी बोलावयाचे, हे ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त पाहुण्यांच्या पंगतीत हे पोळपाट-लाटणे कोठून आले, असेही कोणाच्या मनात आले असेल. त्यांच्यासाठी आम्ही प्रथम एक घटना सांगतो. २०१० साली ऑस्ट्रेलियात निवडणुकीची धामधूम चालू होती. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड आणि विरोधी पक्षनेते टोनी ॲबट यांचा दूरचित्रवाणीवरील जाहीर वादविवाद २५ जुलै रोजी, रविवारी सायंकाळी साडेसात वाजता व्हावयाचा होता. परंतु त्याच संध्याकाळी 'मास्टरशेफ' या पाकस्पर्धेची अंतिम फेरी दाखविली जाणार होती. देशाचा कारभार कोणाच्या हाती द्यावा आणि ताटलीतला पदार्थ कोणाचा सरस ठरावा, या दोन प्रश्नांची गाठ पडली, आणि माघार राजकारणाने घेतली. वादविवाद एक तास अलीकडे आणण्यात आला! ज्या गोष्टीपुढे पंतप्रधानांना आपले घड्याळ फिरवावे लागते, तिच्यावर तासभर विचार करण्यास हरकत नसावी.

या स्पर्धेचे मूळ इंग्लंडातले. बी.बी.सी.ने ती १९९० साली सुरू केली. जपानात १९९३ पासून 'आयर्न शेफ' नावाचा एक निराळाच आखाडा गाजत होता. तेथे एक जिन्नस ऐन वेळी उघड करीत आणि त्यावर दोन आचारी तासभर झुंजत. ऑस्ट्रेलियातील आवृत्ती २००९ साली निघाली आणि तिने जगाला वेड लावले. आपल्याकडे हिंदीतून ती २०१० मध्ये आली, आणि पहिलाच मान लखनौच्या पंकज भदौरिया या शिक्षिकेला मिळाला. त्यांनी स्पर्धेसाठी शाळेतली नोकरी सोडली होती. हा इतिहास येथेच आटोपता घेतो, कारण आम्हांस बोलावयाचे आहे ते केवळ शेवटच्या फेऱ्यांविषयी.

पहिल्या फेऱ्यांत काय पाहतात? कांदा बारीक चिरता येतो की नाही, मासा कच्चा राहिला का, पाक करपला का. हा हिशेब सरळ आहे. करपले ते करपले, त्यात मतभेदाला जागा नाही. जसजशी माणसे गळत जातात आणि आठ-दहाजण उरतात, तसतसे असे ढळढळीत दोष काढण्यास परीक्षकांना फारसे मिळत नाहीत. तेव्हा स्पर्धा आपले रूप पालटते. आता स्पर्धकाला दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात, आणि गंमत अशी की ते परस्परविरुद्ध दिशांना ओढणारे आहेत. एक प्रश्न असा: तू कोण, कोणत्या घरची, तुझे म्हणून जे आहे ते दाखव. दुसरा असा: अमक्या थोर आचाऱ्याचा पदार्थ हा असा आहे, तो जसाच्या तसा करून दे, त्यात तुझे काहीही दिसता कामा नये.

या दुसऱ्या प्रश्नाचा मासला वर सांगितलेल्या २०१० च्या अंतिम फेरीतच मिळतो. सामना होता टोकियोत वकिली करणारा, पेनांगला जन्मलेला ॲडम लिऑ आणि वीस वर्षांचा विद्यार्थी कॅलम हान यांच्यात. शेवटी त्यांच्यापुढे सिडनीचे प्रख्यात आचारी पीटर गिलमोर यांचे 'स्नो एग' नावाचे मिष्टान्न ठेवण्यात आले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेसाळ गोळा, त्याच्या पोटात सीताफळाचे आइस्क्रीम, वरून साखरेचे कागदाहून पातळ कवच आणि खाली पेरूच्या रसाचा बर्फाळ चुरा. पेरू आणि सीताफळ! आपल्या बाजारात टोपलीने मिळणारी ही दोन फळे. परंतु या थाटात ती आपल्यापुढे आली तर आपण त्यांना प्रथम नमस्कारच करू. जिंकला ॲडम लिऑ. तेथे कस लागला तो हाताच्या स्थिरतेचा आणि डोके थंड ठेवण्याचा. यात कमीपणा मुळीच नाही. आपल्या घरात नव्याने आलेल्या सुनेला सासूबाईंच्या हातची आमटी साधेपर्यंत जी वर्षे काढावी लागली, ती याच जातीच्या परीक्षेत गेली. फरक एवढाच की तिच्या परीक्षेला अंतिम फेरी नसे.

आता पहिला प्रश्न: तू कोण? हा दिसावयास सोपा आणि उत्तरास अवघड. इंग्लंडातील भट्टीकामाच्या प्रसिद्ध स्पर्धेत, म्हणजे 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'मध्ये, २०१५ साली नादिया हुसेन अंतिम फेरीस पोचली. ल्यूटन गावी जन्मलेली ही बांगलादेशी आईबापांची मुलगी. तिचे लग्न बांगलादेशात झाले होते, आणि तेथे लग्नात केक कापण्याची रीत नाही. शेवटच्या दिवशी तिने स्वतःच्याच लग्नाचा राहून गेलेला केक केला, लिंबाच्या स्वादाचा, आणि त्याला तांबड्या, पांढऱ्या व निळ्या साड्यांच्या कापडाने सजविले. ती जिंकली, आणि पुढल्या वर्षी राणी एलिझाबेथ यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केकही तिच्याच हातचा होता. येथे केक इंग्लंडचा आणि साडी घरची. परीक्षकांना ओळखीच्या पदार्थाच्या अंगावर तिने आपले घर नेसविले. ही वाट शहाणपणाची खरी.

परंतु पदार्थच घरचा असेल तर? तोही सणावाराचा नव्हे, आदल्या रात्रीचा उरलेला?

२०२१ च्या 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'त नेमके हेच घडले. मेलबर्नला जन्मलेली किश्वर चौधुरी ही दोन मुलांची आई. आपल्या मुलांना बंगाली स्वयंपाक कळावा म्हणून एक पुस्तक लिहावे, एवढी तिची आकांक्षा. शेवटच्या तिघांत ती आली आणि अंतिम फेरीच्या पहिल्या दिवशी तिने परीक्षकांपुढे ठेवला 'पांता भात'. बंगालात रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवतात. सकाळपर्यंत त्याला किंचित आंबूसपणा येतो. मग मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि सोबत काहीतरी झणझणीत. हे शेतकऱ्याचे, मजुराचे, उन्हातान्हात राबणाऱ्याचे खाणे. ओडिशात याच प्रकारास पखाळ म्हणतात, आसामात पोइता भात. आपल्याकडे रात्रीच्या भातावर सकाळी ताक ओतले जाते किंवा तो फोडणीस पडतो. कोकणात पेज आणि देशावर आंबील ही त्याचीच भावंडे म्हणावयास हरकत नाही. किश्वरने बरोबर दिले होते 'आलू भोरता', म्हणजे बटाट्याचे भरीत (भोरता आणि भरीत हे शब्दसुद्धा सख्खे दिसतात), आणि तारलीच्या जातीचा मासा. हा पदार्थ उपाहारगृहात सहसा दिसणार नाही, हे तिने स्वतःच सांगितले.

तो का दिसत नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. गरिबाचे अन्न वाईट असते म्हणून नव्हे. ते विकत घेण्याची कोणास गरज नसते म्हणून. जे प्रत्येकाच्या घरी फुकट आहे त्याला बाजार नाही, आणि ज्याला बाजार नाही त्याला प्रतिष्ठा देण्याची आपली रीत नाही. पाहुणा आला की शिळा भात आपण मडक्यासकट आत सरकवितो. जगभर दिसणाऱ्या पडद्यावर एक बाई तेच मडके बाहेर आणते, यात धाडस होते. बांगलादेशात अनेकांना त्याचा अभिमान वाटला. काहींनी थट्टाही केली, की पांता भातासाठी एवढे कौतुक कशाला! ही थट्टा आम्हांस अर्थपूर्ण वाटते. आपल्या घरच्या अन्नाची लाज प्रथम आपल्यालाच वाटत असते. परक्यांना ते ठाऊकच नसते.

तथापि, या प्रसंगाची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. पांता भाताला एक रात्र लागते. स्पर्धेचे घड्याळ तासा-दीड तासाच्या हिशेबाने धावते. मंचावर आलेल्या पदार्थाचे नावच होते, धुराचा वास दिलेला पाणीभात. ताटलीत तो देखणा मांडलेला होता. ज्या मजुराने जन्मभर हा भात खाल्ला त्याला तो ओळखू आला असता की नाही, कोण जाणे! शिवाय आपण प्रेक्षकांनी त्यातले काय चाखले? आपल्याला ना वास, ना चव. आपण पाहतो ती परीक्षकाच्या भुवईची हालचाल. त्यातही चित्रणाच्या खटाटोपात ताटली निवते, म्हणून परीक्षक शिजतानाच चव पाहून ठेवतात, असे अनेकदा सांगण्यात आलेले आहे. मग राहते काय? राहते सांगितलेली गोष्ट. आणि म्हणूनच अलीकडे या शेवटच्या फेऱ्यांत ज्याच्या त्याच्या मुखी आजीची आठवण येऊ लागली आहे. दर संध्याकाळी एक आजी! आजीचा आम्हांस पूर्ण आदर आहे, परंतु तिला फोडणीसारखी प्रत्येक पदार्थावर ओतू नये.

किश्वरचे निराळे असे की तिच्या पदार्थाला गोष्टीची कल्हई लागत नव्हती. पदार्थ स्वतःच बोलत होता. तेथपर्यंत ती पोचली, आणि दुसऱ्या दिवशी तिघांपुढे पुन्हा त्याच पीटर गिलमोर यांचे दोन पदार्थ हुबेहूब करण्यासाठी आले. काल म्हणाले, तू कोण ते सांग; आज म्हणाले, आता गिलमोर हो. दोन दिवसांचे गुण एकत्र केले तेव्हा भारतीय व फिजी कुळाचा जस्टिन नारायण १२५ गुणांनी पहिला आला, पीट कँपबेल १२४ वर राहिला, आणि किश्वर ११४ गुणांवर तिसरी. एका गुणाने अडीच लाख डॉलर इकडचे तिकडे झाले. हा एक गुण कशाचा होता, हे परीक्षकांनाही वेगळा काढून दाखविता आला नसता, असे आमचे मत आहे.

आपल्याकडेही असे प्रसंग आले आहेत. २०२३ साली 'मास्टरशेफ इंडिया'च्या शेवटच्या तिघांत आसामचे नयनज्योती सैकिया व सांता शर्मा आणि मुंबईच्या सुवर्णा बागुल अशी नावे होती; जिंकला नयनज्योती. आसामच्या रानभाज्या आणि मासे यांविषयी त्या निमित्ताने हिंदुस्थानातील घराघरांत जेवढे बोलणे झाले, तेवढे त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. मराठी ताटातले काय अशा मंचावर चालेल, असे आम्हांस विचारतात. पुरणपोळी, मोदक, कोंबडीवडे हे चालेल. ते तास-दोन तासांत बसविता येते. परंतु अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजावे लागतात. कुरडईच्या गव्हालाही तेवढेच दिवस लागतात. रोज पाणी बदलावे लागते, मग वाटणे, चीक गाळणे, शिजविणे आणि शेवटी कडक ऊन. त्या घड्याळात हे बसत नाही, आणि बसविण्यासाठी त्याला धुराचा वास द्यावा असे आम्हांस वाटत नाही.

सध्या दिवस कुरडयांचेच आहेत. समोर बसलेल्या भगिनींपैकी कित्येकींच्या गच्चीवर त्या वाळत असतील आणि दव पडण्यापूर्वी गोळा करावयाच्या असतील. त्यांना आम्ही अधिक थांबवीत नाही.