पहिल्या दिवशी अडलात? लिहून ठेवा!

ठाण्याला ऑफिस, डोंबिवलीला घर. लोकलच्या गर्दीतून रात्री नऊला पोचलेल्या माणसाकडे ओपन सोर्ससाठी जेमतेम तासभर उरतो. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट घ्या. ते लॅपटॉपवर चालवायला पायथन, नोड, मारियाडीबी, रेडिस एवढं सगळं लागतं. अशा कुठल्याही प्रोजेक्टमध्ये कुठलं व्हर्जन, कुठल्या क्रमाने, हे नीट लिहिलेलं नसेल, तर तो तास इन्स्टॉल करण्यातच संपतो. माणूस तक्रार करत नाही, गुपचूप निघून जातो. जुन्यांना ती सुटलेली पायरी दिसत नाही, कारण त्यांच्या मशीनवर सगळं आधीच चालू असतं. म्हणून मी नव्यांना सांगतो, कोडचं नंतर बघू. जिथे अडलात, तिथली एक ओळ रीडमीमध्ये लिहा आणि पुल रिक्वेस्ट पाठवा. महिन्याभराने तुम्हालाही ती पायरी दिसणार नाही.