हॅस्केलसाठी डेटाबेस लायब्ररी: चूक कोणी पकडायची?

हॅस्केलवरच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. भाषा थोडीफार जमली, आता पोस्टग्रेसला जोडायचंय, तर लायब्ररी कुठली घेऊ? शोधायला गेलं की सात-आठ नावं येतात आणि प्रत्येक नावामागे हिरिरीने भांडणारं कोणीतरी असतं.

मी आधी तुम्हालाच विचारतो. क्वेरीत चूक झाली तर ती कोणी पकडावी? कंपायलरने आत्ता, की सर्व्हरने रात्री दोन वाजता?

वाचनालयाचं उदाहरण घेऊ. एक टेबल सभासदांचं, एक घरी नेलेल्या पुस्तकांचं. सगळ्या सभासदांची यादी हवीय, आणि कोणाकडे पुस्तक असेल तर त्याचं नावही. म्हणजे लेफ्ट जॉइन. ज्याने काहीच नेलं नाही, त्याच्यापुढे नल येणार. सगळी गंमत या नलमध्ये आहे.

पोस्टग्रेसक्यूएल-सिंपलमध्ये एसक्यूएल तुम्ही हाताने लिहिता. किमतींच्या जागी प्रश्नचिन्हं, किमती वेगळ्या द्यायच्या, म्हणजे इंजेक्शनची भीती नाही. वाचायला एकदम सोपं. पण पुस्तकाचं नाव तुम्ही 'मेबी टेक्स्ट'ऐवजी नुसतं 'टेक्स्ट' म्हणून मागितलं, तर कंपायलर गप्प बसतो. नल आला की प्रोग्राम चालता चालता एक्सेप्शन.

हॅसक्यूएलमध्येही एसक्यूएल हातानेच. फरक एवढाच, की प्रत्येक कॉलम वाचताना 'नलेबल' की 'नॉन-नलेबल' हे लिहावंच लागतं. कंपायलरला क्वेरी कळत नाही, पण तुम्हाला विचार करायला भाग पाडलं जातं. मला हे फार आवडतं. पोस्टग्रेस्ट नावाचा प्रसिद्ध सर्व्हर यावरच उभा आहे.

मग येतं पर्सिस्टंट. येसोड फ्रेमवर्कबरोबर वाढलेलं. टेबलं एकदा लिहून दिली की टाइप आणि मायग्रेशन दोन्ही तयार. पण जॉइन त्यात नीट नाहीत, त्यासाठी सोबत एस्केलेटो घ्यावं लागतं. आणि इथे बघा, एस्केलेटोच्या जुन्या पद्धतीत लेफ्ट जॉइनमधलं ते 'मेबी' विसरलात तर चूक चालतानाच कळायची. 'एक्सपेरिमेंटल' नावाच्या मॉड्यूलमध्ये ते 'मेबी' आपोआप टाइपमध्ये येतं. दोन्हींवर 'टाइप-सेफ' हेच लेबल! त्यामुळे नुसत्या लेबलवर जाऊ नका.

तिसरं घराणं ओपलाय, रेल८, बीम यांचं. इथे क्वेरी म्हणजे हॅस्केलचीच किंमत. तिचे तुकडे करा, फंक्शनमध्ये टाका, हवे तसे जोडा. कल्पना जुनी आहे. डान लायन आणि एरिक मायर यांनी १९९९ मध्ये हॅस्केलडीबीवर पेपर लिहिला, आणि पुढे मायर मायक्रोसॉफ्टच्या लिंकवर काम करत होते. वीस प्रकारचे फिल्टर एकमेकांत मिसळणारी शोधसुविधा बनवायची असेल तर हे घराणं सोन्यासारखं. मोल मात्र द्यावं लागतं. एका कॉलमचा टाइप चुकला की स्क्रीनभर एरर, आणि टीममध्ये नवीन आलेला माणूस तो वाचून घामाघूम.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. यातल्या बहुतेक लायब्ररी तुमची क्वेरी तुम्हीच कोडमध्ये लिहिलेल्या वर्णनाशी ताडून बघतात, खऱ्या डेटाबेसशी नाही. कोणी सर्व्हरवर जाऊन कॉलम बदलला तर कंपायलरला पत्ताच नसतो. पोस्टग्रेसक्यूएल-टाइप्ड कंपाइल करतानाच खऱ्या डेटाबेसशी बोलते, पण मग प्रत्येक बिल्डच्या वेळी डेटाबेस चालू हवा.

दोघा-तिघांची टीम असेल आणि एसक्यूएल येत असेल, तर मी हॅसक्यूएल घेईन. वेबसाइटवर नुसती नोंद करा, बदला, काढा एवढंच असेल तर पर्सिस्टंट पुरे.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. तुमच्या ॲपमधली सगळ्यात किचकट क्वेरी दोन लायब्ररींत लिहा. मग मुद्दाम एक टाइप चुकवा आणि येणारा एरर टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाला वाचायला द्या. एक दुपार जाईल, जाऊ दे.

आणि हो, लायब्ररी कुठलीही घ्या, टेस्टच्या डेटात एक सभासद असा ठेवा ज्याने आजवर एकही पुस्तक नेलेलं नाही.