गोष्टीत नव्याने आलेली माणसं

(युवा शिबिरातील भाषण)



आवडत्या पुस्तकावर मालिका आली की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकाची वाट लावली. दुसरा म्हणतो, आत्ता कुठे खरी गोष्ट कळली. आज मी 'अ‍ॅन विथ अ‍ॅन ई' या कॅनेडियन मालिकेबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यावरून झालेल्या वादात आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

मूळ कादंबरी लुसी मॉड माँटगोमेरी यांची 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स', 1908 सालची. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या मॅथ्यू आणि मॅरिला या बहीण-भावाला शेतकामासाठी मुलगा हवा असतो. अनाथालयातून चुकून येते अकरा वर्षांची, लाल केसांची, बडबडी अ‍ॅन. 1985 साली केव्हिन सलिव्हन यांनी यावर एक मालिका केली. ती पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकांच्या मनात अ‍ॅन म्हणजे हिरवळ, सफरचंदाचा बहर आणि हसू. 2017 मध्ये मॉइरा वॉली-बेकेट यांची नवी मालिका आली. तिच्यात अ‍ॅनला आधीच्या घरातला मार आठवतो आणि ती थिजून जाते. जुने प्रेक्षक चिडले, 'एवढा अंधार पुस्तकात नाही,' म्हणाले.

मला हा आक्षेप अर्धाच पटतो. पुस्तकातही मॅरिला विचारते, त्या लोकांनी तुला नीट वागवलं का? अ‍ॅन सरळ उत्तर देत नाही, आणि त्या अडखळण्यातून मॅरिला काय ते समजते. लेखिकेने सुचवलं, मालिकेने दाखवलं. दाखवणं काहींना भडक वाटलं, हे मात्र मी समजू शकतो.

खरा वाद पुढच्या भागांत झाला. पुस्तकात नसलेली माणसं आली. त्रिनिदादचा बॅश हा आगबोटीवर कोळसा टाकणारा कृष्णवर्णीय कामगार. काक्वेट ही मिकमॉ या आदिवासी समाजातली मुलगी. 'आजची मतं शंभर वर्षांपूर्वीच्या गावात घुसडली' अशी तक्रार झाली. पण ही माणसं तिथे होतीच. शार्लटटाउन शहरात 'द बॉग' नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. मिकमॉ लोक तर गोऱ्या वसाहतीच्या कितीतरी आधीपासून त्या बेटावर राहत होते.

आणि मूळ पुस्तक तरी परक्यांबद्दल गप्प आहे का? अ‍ॅनच्या केसांना हिरवा करणारा रंग विकून जातो तो फेरीवाला ज्यू आहे. इटालियन फेरीवाल्यांना घरात घेऊ नकोस, अशी मॅरिलाची ताकीद आहे. रस्त्यावरच्या बेवारस मुलांना त्या काळच्या इंग्रजीत 'अरब' म्हणायची पद्धत होती. मॅरिला तो शब्द वापरते आणि लंडनहून येणारी मुलं नकोत म्हणते. ज्या घरात एका अनाथ मुलीला माया मिळते, त्याच घरात हा संशयही राहतो. म्हणून पुस्तक फेकून देऊ नका. ते वाचा, पण या ओळींवरून भरभर पुढे जाऊ नका.

आता मालिकेला माझा प्रश्न. बॅशला तिने पुरं आयुष्य दिलं. त्याची शेतात भागीदारी आहे, मेरीशी लग्न आहे, मुलगी आहे, बायकोच्या मृत्यूचं दुःख आहे, राग आणि विनोदही आहे. काक्वेटला हे मिळालं नाही. तिला निवासी शाळेत नेतात, केस कापतात, तिची भाषा बंद करतात. आईबाप दाराशी येतात, त्यांना हाकलून देतात. कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने 2015 मध्ये नोंदवलं आहे की अशा शाळांत किमान 1,50,000 मुलं घातली गेली. इतिहास जाणणारे सांगतात की त्या भागातली अशी शाळा, नोव्हा स्कोशियातली शुबेनाकडी, 1930 मध्ये उघडली. मालिकेचा काळ त्याच्या तीसेक वर्षं आधीचा. हा आक्षेप रास्त आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की 2019 मध्ये 27 भागांनंतर मालिका बंद झाली. अ‍ॅन कॉलेजात गेली, तिला गिल्बर्ट मिळाला. काक्वेट मात्र शाळेत कोंडलेलीच राहिली. मालिका परत सुरू व्हावी म्हणून चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, मोठे फलक लावले. तरी ते दार उघडलं नाही.

मालिका बंद करण्याचा निर्णय लेखकांच्या हातात नसेल. पण कोणाची गोष्ट आधी पुरी करायची, हे त्यांच्या हातात होतं.

हे मी तुम्हाला का सांगतोय? आपल्या टीव्हीवरच्या मालिकांत मुस्लिम पात्र दिसलं की आपल्याला बरं वाटतं. तो ईदला शीरखुर्मा आणतो, नायकासाठी धावतो आणि निघून जातो. त्याला घर, भांडण, परीक्षा, स्वभाव काहीच नसतं. 'निदान दाखवलं तरी' एवढ्यावर समाधान मानू नका. विचारा, या माणसाला स्वतःची इच्छा आहे का? त्याची गोष्ट शेवटपर्यंत जाते का? आणि हाच प्रश्न आपण लिहिताना स्वतःलाही लावा. आपल्या कथांमधली बहीण, मोलकरीण, शेजारचं हिंदू किंवा दलित कुटुंब पुरी माणसं आहेत का, की आपल्या नायकाच्या सोयीसाठी आलेली आहेत?

तुमच्यातले बरेच जण लिहिताहेत, छोट्या फिल्म करताहेत. जुन्या गोष्टीत नवं माणूस जरूर आणा. आणलंत की त्याला मध्येच सोडू नका.

मला एवढंच म्हणायचं होतं. आता तुम्ही बोला. ज्यांना ही मालिका अजिबात आवडली नाही, त्यांनी आधी बोलावं.