एक स्पेस जास्त पडली
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. “काका, रात्री काळ्या पडद्यावर काय बडवत असता?” असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर देतो, आणि एक कबुलीही.

१९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंग मशीन आली. आम्ही सांगतील ती बटणं दाबली आणि तसेच निवृत्त झालो. आत नेमकं काय चालतं, ही रुखरुख राहिली.

नातवाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतून मिळाले. एकेका धड्याला मला तीन दिवस लागत. माऊस बाजूला ठेवायचा आणि हुकूम टाइप करायचा. ‘एलएस’ म्हणजे फायलींची यादी दाखव, ‘सीपी’ म्हणजे नक्कल कर, ‘आरएम’ म्हणजे पुसून टाक.

आता कबुली. स्मरणिकेसाठी तुम्ही दिलेले २१२ फोटो माझ्या लॅपटॉपवर होते. प्रत्येक फाईलच्या नावात साल घालणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. तो चालला, मी खूश! मग ‘टीएमपी’ने संपणाऱ्या कामचलाऊ फायली पुसायला निघालो. ‘आरएम’, पुढे तारांकन, टिंब आणि टीएमपी. तारांकन आणि टिंब यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली. नुसतं तारांकन म्हणजे ‘सगळ्या फायली’. एंटर दाबलं. ‘टिंब टीएमपी नावाची फाईल नाही’ एवढंच पडद्यावर आलं, आणि फोल्डर रिकामं. ‘आरएम’ने पुसलेलं कचरापेटीतही जात नाही.

रात्रभर झोप नाही. सकाळी समितीला सांगितलं आणि पुन्हा घरोघर अल्बम मागत फिरलो. कुणी रागावलं नाही, उलट चहाला बसवलं. आपल्या दिवंगत पहिल्या सेक्रेटरींचा भूमिपूजनाचा एकच फोटो होता. वहिनी म्हणाल्या, “बरं झालं, मी तुमच्याकडून दुसऱ्याच दिवशी परत मागितला होता.” नऊ फोटो मात्र मिळाले नाहीत. सोसायटी सोडून गेलेल्यांनी ते मोबाईलवर पाठवले होते, आणि आता त्यांच्याकडेही नाहीत. ते स्मरणिकेत दिसले नाहीत तर दोष माझा.

बँकेत एकाने व्हाउचर लिहायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. चाळीस वर्षं हे पाळलं आणि घरी दोन्ही खुर्च्यांवर मीच बसलो! यंत्र चुकलं नाही. मी लिहिलं तेच त्याने केलं.

आता आधी तोच नमुना ‘एलएस’ला देऊन यादी वाचतो. मग ‘आरएम’ला ‘उणे आय’ जोडतो, म्हणजे ते प्रत्येक फाईल पुसण्याआधी विचारतं. आणि फोटोंच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर, त्यातली एक सोसायटीच्या कपाटात.

दर रविवारी सकाळी दहाला मी ऑफिसात बसणार आहे. ज्यांना शिकायचंय त्यांनी यावं, वयाची अट नाही. घरात जुने फोटो असतील तर तेही आणा. प्रत काढून मूळ फोटो त्याच दिवशी परत देईन.